वाटायचं राहिलेलं कार्ड

शुक्रवार

पाटणहून पहाटेच्या गाडीनं कराड आणि कराडहून ठाण्याची एसटी. खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर पिशवी होती. तिच्यात भाचीसाठी नाचणीचं पीठ, घेवडा आणि माझ्या चष्म्याच्या दोन जोड्या. भाचीनं फोनवर बजावलं होतं, "मावशी, वाचायचं पुष्कळ आहे, चष्मा विसरू नकोस."

मी १९८१ ते २०२३ आमच्या गावच्या शाखा डाकघराची पोस्टमास्तर होते. सुरुवातीला आम्हाला एक्स्ट्रा डिपार्टमेंटल म्हणत, पुढं ग्रामीण डाक सेवक म्हणू लागले. गावाच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत मी "पोस्टबाई". रोज अकराच्या सुमाराला एसटीतून थैली यायची. लाखेचं सील तोडायचं, टपाल मोजायचं, प्रत्येक कार्डावर आमच्या ऑफिसचा तारखेचा शिक्का मारायचा आणि वाटपाला द्यायचं. ज्या घरात वाचणारं कुणी नाही, त्या घरची बाई स्वतःच ऑफिसात यायची. मग मीच वाचायची आणि उत्तरही मीच लिहायची. तेव्हा भाचीनं पोस्टकार्डांचं प्रदर्शन म्हटल्यावर मी हो म्हणाले. कसली कार्डं, ते तिनं नंतर सांगितलं.

द्रुतगती मार्ग उतरून गाडी कळंबोलीला आली आणि तिथून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागली. आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं या पट्ट्यात आहेत. आधीची पिढी लालबाग-परळच्या गिरण्यांत गेली, नंतरची इकडं बाजार समितीत माथाडी म्हणून आली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील आमच्याच पाटण तालुक्यातले. तुर्भ्यापाशी गाडी सिग्नलला थांबली, तर समोरच्या टेम्पोवर आमच्याकडच्या ग्रामदैवताचं नाव. मी हात जोडले.

खोपटच्या स्टँडवर भाची घ्यायला आली होती. घर पाचपाखाडीत, चालत दहा मिनिटांवर. संध्याकाळी ती मला तलावपाळीला घेऊन गेली. मासुंदा तलावाच्या कडेनं चालताना तिनं मला सगळं समजावून सांगितलं.

जावयांच्या नोकरीमुळं ती दोघं काही वर्षं अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ होती. तिथं स्मिथसोनियनचं राष्ट्रीय टपाल संग्रहालय आहे, युनियन स्टेशनच्या शेजारी, जुन्या पोस्टाच्याच इमारतीत. इमारत १९१४ ची, संग्रहालय १९९३ पासूनचं, आणि आत जायला तिकीट नाही. तिथं ओनी नावाचा एक कुत्रा पेंढा भरून काचेत ठेवलाय. एकोणिसाव्या शतकात तो टपालाच्या थैल्यांवर झोपून आगगाडीतून देशभर हिंडायचा आणि जाईल तिथले पोस्टवाले त्याच्या गळ्यात बिल्ला अडकवायचे. ते ऐकून मला आमच्या ऑफिसाच्या ओट्यावर झोपणारी काळी कुत्री आठवली. थैलीच्या गाडीचा हॉर्न ती माझ्याआधी ओळखायची.

भाची त्या संग्रहालयात गेली २०१५ मध्ये. ऑगस्टात तिथं एक प्रदर्शन सुरू झालं होतं, "पोस्टसीक्रेट". फ्रँक वॉरन नावाच्या माणसानं नोव्हेंबर २००४ मध्ये स्वतःचा पत्ता छापलेली ३००० कार्डं अनोळखी लोकांना वाटली. तुमचं एक गुपित लिहून पाठवा, नाव घालू नका, एवढंच मागणं. अटी दोन. गुपित खरं हवं, आणि आजवर कुणालाही सांगितलेलं नसावं. त्याच्या मेरीलँडमधल्या घरी कार्डं यायला लागली आणि ती थांबलीच नाहीत. दहा लाखांच्या वर झाली. त्यातली निवडक त्या संग्रहालयात लावली होती. भाची म्हणाली, "मी दोन तास उभी होते, मावशी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. देवळात असतं तसं."

मला आधी उमजेना. कार्डावर गुपित लिहितात होय? आपल्याकडं खाजगी काही असेल तर पाकीट, निदान आंतर्देशीय. कार्ड उघडं. ते पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो, चावडीवर बसलेला रिकामा माणूसही वाचतो. कोपरा फाटलेला दिसला की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, कडेला हळद-कुंकू दिसलं की लगेच गूळ वाटला जायचा. कार्डाचा अर्थ सगळ्या गावाचा होता.

भाची म्हणाली, "म्हणून तर. उघडं असतं, पण खाली नाव नसतं."

घरी येईपर्यंत मी त्यावरच विचार करत होते.

शनिवार

प्रदर्शन रविवार-सोमवार, वाशीत, एका सेक्टरमधल्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये. भाची आणि तिच्या पाच-सहा मैत्रिणींनी पोस्टातून ५० पैशांची कार्डं घेतली, त्यांवर टपालपेटी क्रमांकाचा पत्ता छापला आणि ती ठाणे स्टेशनच्या ९ आणि १० नंबरच्या फलाटांवर, वाशीला, कॉलेजांच्या दारात वाटली. टपालपेटी भाड्यानं घेतली हे मला फार आवडलं. कुणाच्या घराचा पत्ता नाही, कुणाला संकोच नाही. वाटलेल्यांतली जवळपास निम्मी कार्डं लिहून परत आली.

सकाळी सगळ्या जणी भाचीच्या घरी जमल्या. दिवाणखान्यात सुतळ्या, लाकडी चिमटे आणि कार्डांचे गठ्ठे. सुतळीवर अशी टांगायची की माणसाला दोन्ही बाजूंनी फिरून बघता येतील, असं त्यांचं ठरलं होतं. मी एक गठ्ठा हातात घेतला आणि सवयीनं आधी पत्त्याची बाजू बघितली.

तिथं शिक्के होते. कोपरखैरणे, नेरुळ, कळवा, आणि एकावर तर रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावाच्या ऑफिसचा. तारखेसकट. मी म्हणाले, "पोरींनो, ही बाजू दाखवायची नाही. या गावातून दिवसाला किती कार्डं पडत असतील? दोन? तिथला पोस्टमास्तर प्रदर्शनाला आला तर त्याला माणूस कळेल."

सगळ्या एकदम गप्प झाल्या. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. शिक्का म्हणजे त्यांना नुसती नक्षी वाटत होती. माझ्या हातून चाळीस वर्षं शिक्के पडले, त्यामुळं मला त्यात माणूस दिसतो. मग ठरलं ते असं: प्रत्येक कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला जाड खाकी कागद चिकटवायचा. पण आपल्या कार्डाच्या त्या बाजूलाही डावा अर्धा भाग मजकुरासाठी असतो, आणि काहींनी तिथंच शेवटच्या ओळी लिहिल्या होत्या. तेवढा भाग मोकळा ठेवून खिडक्या कापायच्या. दुपारी जेवणं आटोपून संध्याकाळी सातपर्यंत आम्ही तेच करत होतो.

हात चालू असताना गप्पा. पिनकोड आला कुठून, असं एकीनं विचारलं. मी सांगितलं, श्रीराम भिकाजी वेलणकर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरचे, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतातले कवी. सहा आकड्यांची ही व्यवस्था त्यांची, १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. त्याआधी एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या आणि वाईट अक्षर यांमुळं टपाल कुठल्या कुठं जायचं. पोरींना वेलणकरांचं नावही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या भाषेतल्या माणसानं अख्ख्या देशाचा पत्ता नीट लावून दिला.

एक कार्ड त्यांनी वेगळं काढून ठेवलं होतं. ते लावायचं नाही असं ठरलं होतं. त्यात जगण्याचा कंटाळा लिहिला होता, अगदी स्वच्छ, वळणदार अक्षरात. भाचीचे डोळे भरून आले. "कुणाचं आहे ते कळत नाही, मावशी. जाऊन भेटताही येत नाही." म्हणून हॉलच्या दाराशी आणि मधल्या खांबावर त्यांनी टेलीमानसचा, म्हणजे मन खचलेल्यांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक, १४४१६, मोठ्या अक्षरात लावला. तो फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. तो वॉरन स्वतःही आत्महत्या रोखणाऱ्या मदतवाहिनीवर स्वयंसेवक होता, असं भाचीनं सांगितलं. ज्यानं ते कार्ड लिहिलं तो माणूस प्रदर्शनाला येवो आणि तो आकडा त्याला दिसो, एवढीच माझी त्या रात्री प्रार्थना होती.

निजायच्या आधी भाचीनं एक कोरं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. "तूही लिही." मी ते उशीखाली ठेवलं.

रविवार

ठाण्याहून वाशीची गाडी. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा. एका बाजूला कारखाने आणि त्यांमागं पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मधे मधे खाडीची चमक. कोपरखैरण्याला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून तोंड फिरवलं. का, ते पुढं येईल.

हॉल दहाला उघडला. तासाभरात गर्दी झाली. रविवारच्या भाजीच्या पिशव्या घेऊन आलेली माणसं, कॉलेजची मुलं, सोसायट्यांतले आजी-आजोबा. आत शिरताना बोलत येत आणि तिसऱ्या-चौथ्या कार्डापाशी गप्प होत.

काही कार्डं मला शब्दन्‌शब्द आठवतात. ती इथं लिहिते. तिथं दोन दिवस ती सगळ्यांसमोरच होती.

"सासूबाईंच्या चष्म्याची काडी मीच मोडली. आठ दिवस त्यांना पोथी वाचता आली नाही. त्या आठ दिवसांत त्या माझ्याशी बोलल्या."

"आमचं गाव विमानतळात गेलं. देवळाच्या पायरीचा एक दगड मी रात्री जाऊन आणला. ब्लॉकच्या बाल्कनीत तुळशीमागं ठेवलाय. बायकोला वाटतं कुंडीला टेकू आहे."

नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली. आम्ही कोयनेकाठची माणसं. धरणात गावं गेलेली माणसं मी लहानपणापासून बघत आले आहे. त्या कार्डापुढून माझा पाय निघेना.

"डबा घेऊन रोज निघतो. नोकरी जूनपासून नाही. सागर विहारला खाडीकडं बघत डबा खातो आणि सहाच्या गाडीनं घरी येतो. मुलगी विचारते, बाबा, आज काय काम केलं? मी रोज नवीन काम सांगतो."

"बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा नंबर मी अजून रिचार्ज करते. कधी कधी लावते. कपाटात वाजतो. मग आई म्हणते, कुणाचा फोन गं? आणि आम्ही दोघी काहीच बोलत नाही."

पेन्सिलीनं लिहिलेलं एक: "आई भेंडी देते. मी कुत्र्याला देतो. आईला वाटतं मला आवडते म्हणून ती रोज देते."

आणि एक, ज्याच्यापुढं एक गृहस्थ बराच वेळ उभे होते: "मुलाचा तबला मी विकला आणि चोरीला गेला म्हणून सांगितलं. तो इंजिनिअर झाला. आता त्याचा मुलगा टेबलावर बोटं वाजवतो." त्या गृहस्थांनी ते लिहिलं होतं की ते तबला गेलेला मुलगा होते, की दोन्ही नाही, कोण जाणे. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी घेतलं.

एका कार्डावर आधी लिहिलेलं सगळं बॉलपेननं इतकं गिरवलं होतं की कागद फाटायला आला होता. असा खोडलेला मजकूर मला वाचता येतो. कार्ड उजेडाला तिरकं धरलं की पेनाच्या पहिल्या खाचा दिसतात. पावसात भिजलेली, शाई फुटलेली कार्डं वाचायला मी ते शिकले. मी त्या कार्डाला हात लावला नाही.

दुपारी भाचीशी माझा थोडा वाद झाला. ती म्हणत होती, लिहून टाकलं की मन मोकळं होतं, आणि वाचणाऱ्यालाही कळतं की आपण एकटे नाही. ते खरं आहे, मी डोळ्यांनी बघितलं. डबेवाल्या कार्डापुढं एक तरुण मुलगा हमसून रडत होता आणि त्याच्या खांद्यावर एका अनोळखी आजोबांचा हात होता. पण मला दुसरं काही सलत होतं. त्या सासूबाईंना काडीचं अजून ठाऊक नाही. तो मुलगा अजून चोराला शिव्या देत असेल. लिहिणारा हलका होतो. ज्याचं देणं आहे, त्याच्या हाती काय पडतं? भाची म्हणाली, "मावशी, सगळ्यांचीच देणी फेडण्याजोगी नसतात. काहींची माणसंच राहिली नसतात." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

माझं माणूस मात्र होतं. कोपरखैरण्यात.

रात्री ठाण्याला परतल्यावर उशीखालचं कार्ड काढलं. लिहायला बसले आणि ते एका कार्डात मावेना. म्हणून ते इथं लिहिते.

१९८२ चा मे महिना. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता, डॉ. दत्ता सामंतांचा. अडीच लाख कामगार. आमच्या गावात त्याची पहिली बातमी मनिऑर्डरींनी दिली. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पन्नास-साठ यायच्या. फेब्रुवारीत वीस आल्या, मार्चात सात. बायका ऑफिसाच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि मी नुसती मान हलवायची. मी चोवीस वर्षांची होते आणि नोकरीला पुरतं वर्षही झालं नव्हतं.

आमच्या आळीत एक विधवा बाई होत्या, त्यांना सगळे आक्का म्हणत. थोरला मुलगा लालबागला गिरणीत, धाकटी मुलगी दहावी झालेली. मुलीचं लग्न ठरलं होतं, शनिवारचा मुहूर्त. त्या आठवड्याच्या मंगळवारी थैलीत आक्कांच्या नावाचं कार्ड आलं. थोरल्याचं. लग्न पुढं ढकला, असं त्यात होतं.

दारात मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. त्याच्या दोन वर्षं आधी माझं स्वतःचं ठरलेलं लग्न सुपारी फुटल्यावर मोडलं होतं. त्यानंतर विहिरीवर मला काय काय ऐकावं लागलं, ते मला माहीत होतं. या मुलीवर ती वेळ येऊ नये, असं मला वाटलं. मी ते कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. रोज ते काढून वाचायची आणि पुन्हा ठेवायची. त्या वेळी लागू असलेल्या १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात टपाल अडवून ठेवणं हा गुन्हा होता. ते मला पाठ होतं. शनिवारी लग्न झालं. सोमवारी मी कार्डावर सोमवारचा शिक्का मारला आणि आक्कांना वाचून दाखवलं. त्या ऐकून बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "पोस्टबाई, हे माझ्याशिवाय कुणाला वाचून दाखवू नका." कार्ड त्यांनी चुलीत घातलं.

त्यानंतर मला वाटत राहिलं की एका मुलीची अब्रू मी राखली. कधी कधी अभिमानही वाटायचा. आणि तरीही ती मुलगी माहेरी आली की मी ऑफिसाचं दार लोटून घ्यायची.

सोमवार

भाचीला सांगितलं, मी दुपारी हॉलवर येईन. ती सोबत येते म्हणाली. मी नको म्हटलं. कोपरखैरण्याला उतरले. घराचा नंबर माझ्याकडं होता. आक्कांच्या धाकटीचा मुलगा गावच्या यात्रेला येतो, त्यानं दिलेला. माथाडी वसाहतीतल्या अरुंद गल्ल्या. मुळातली घरं बैठी, त्यांवर प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणं मजले चढवलेत. लोखंडी जिन्यांवर कपडे वाळत होते. आमच्याकडची बोली कानावर पडत होती, त्यामुळं चुकायची भीती वाटली नाही.

तिनं दार उघडलं आणि लगेच ओळखलं. "अगं बाई, पोस्टबाई! या, या." केस माझ्यापेक्षा पांढरे. मालक वरच्या मजल्यावर झोपून होते. जन्मभर कांद्या-बटाट्याच्या गोणी वाहून पाठ गेली आहे. दोन मुलं, चांगल्या नोकऱ्या, एक सून, शाळेत गेलेली नात. ती स्वतः एका हॉस्पिटलात बावीस वर्षं आया होती. हे ती चहा टाकता टाकता सांगत होती. भिंतीवर आक्कांचा आणि थोरल्याचा फोटो. थोरला गेल्याला तीस वर्षं होऊन गेली. संपानंतर गिरणीत त्याला परत घेतलं नाही.

मी चहाला हात लावायच्या आधीच बोलले. उशीर झाला तर बोलणं होणार नाही, हे मला कळत होतं. मंगळवार ते सोमवार, खण, शिक्का, सगळं. ती मान खाली घालून ऐकत होती. मधेच दूध उतू गेलं. तिनं उठून गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला, ते धुऊन पिळून दांडीवर टाकलं आणि येऊन बसली.

"म्हंजे दादानं लिवलं हुतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं त्यानं लिवलंच न्हाई." थोडा वेळ गेला. "लग्नाच्या आदल्या राती आला. मांडव बघून उभाच ऱ्हायला. माझ्याशी बोलला न्हाई, मी बी बोलले न्हाई. त्याला वाटलं असंल आईनं त्याचं ऐकलं न्हाई. मला वाटलं त्यानं माझं ऐकलं न्हाई. तवापास्नं मी एका भाऊबीजंला त्याच्याकडं गेले न्हाई, बाई. त्यो लालबागला, मी हितं. तासाभराची वाट."

मला काय बोलावं सुचेना. माफ कर म्हणाले. त्यावर ती काही बोलली नाही. आजही त्यावर ती काही बोललेली नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही. हे सगळं लिहू का, एवढं मात्र विचारलं. "लिवा. नाव घालू नका," म्हणाली.

मग तिनं विचारलं, "त्यात काय हुतं? समदं सांगा. आठवतंय?"

आठवत होतं. चार दिवस तेच तर वाचलं होतं. पंधरा पैशांचं कार्ड, निळी शाई, अक्षर उजवीकडं झुकलेलं. मी पाठ सरळ केली. ऑफिसात बायकांना वाचून दाखवताना बसायची तशी बसले, आणि म्हणू लागले.

"तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. मी खुशाल आहे, काळजी नसावी. संप मिटायचं लक्षण नाही. खोलीवर सगळेच बसून आहेत. पैशाची जुळणी झाली नाही. तरी धाकटीचं लग्न दिवाळीनंतर धरावं. पाव्हण्यांना मी स्वतः येऊन सांगतो, तू भिऊ नकोस. लग्न मोडलं असं कुणी म्हणणार नाही, ते मी बघतो. तोवर तिचा नर्सिंगचा फॉर्म भरून टाकावा. साताऱ्याला सोय होईल. धाकटीला म्हणावं, तुझं पत्र पोचलं."

ती शेवटची ओळ मला तेव्हाही कळली नव्हती. आमच्या पेटीतून तिचं एकही पत्र कधी गेलं नव्हतं. गेलं असतं तर माझ्या हातातून गेलं असतं. मी तिला तसं म्हणाले.

"तुमच्या पेटीत कशी टाकीन?" ती म्हणाली. "तुमी वाचलं असतं. बाजारला गेले तवा पाटणच्या पेटीत टाकलं. लिवलं हुतं, दादा, मला आत्ता लगीन नगं, मला नर्स व्हायचं हाय, कायबी करून थांबीव."

वर मालक खोकले. तिनं जिन्याकडं बघितलं, पण उठली नाही. पदरानं चष्मा पुसला, परत घातला आणि माझ्याजवळ सरकून बसली.

"ती शेवटची वळ," ती म्हणाली, "आणि एकदा वाचा."

"धाकटीला म्हणावं," मी म्हणाले, "तुझं पत्र पोचलं."